देवरहाटीतील जुनी झाडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या देवरहाटीतील (देवाच्या नावाने राखलेल्या रानातील, म्हणजे देवराईतील) मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी दहा-बारा मोठी झाडे ठेकेदाराला विकावीत आणि त्यांच्या जागी पाचशे रोपे लावावीत, असा विचार गावात पुढे आला आहे. झाडे म्हातारी आणि आतून पोकळ आहेत, असे सांगितले जाते. मला हे पटत नाही. बैठकीत काय मांडावे? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : तुम्हाला हे पटत नाही, ते योग्यच आहे. पोकळ झाड ठेकेदाराच्या हिशेबात निकामी असले, तरी देवराईत तेच सर्वांत मोलाचे असते. महाधनेशाची मादी उंच, जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि उरलेल्या फटीतून नर तिला व पिल्लाला फळे भरवतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली बेहड्यासारख्या झाडात तयार होण्यास अनेक दशके जावी लागतात, त्यामुळे पाचशे रोपांपैकी एकही रोप ती आपल्या हयातीत देऊ शकणार नाही. शिवाय मोठे झाड एकटे पडत नाही. गारंबीचे वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले असतात, तेही खाली खेचले जातात. वरचे छत्र फाटले की ऊन थेट जमिनीवर येते, पाचोळ्याखालची ओल सुकते आणि रानमोडीचे तण आत शिरते. अनेक देवरायांत वाळलेली काटकीसुद्धा चुलीसाठी न नेण्याची रीत आहे आणि ती मला फार शहाणपणाची वाटते, कारण कुजणाऱ्या लाकडावरच बुरशी, किडे आणि पुढची रोपे जगतात.

कायद्याची बाजूही मांडा. 12 डिसेंबर 1996 रोजी वनतोडीसंबंधीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्याला वन संवर्धन कायदा लागू होतो, असे स्पष्ट केले. 18 डिसेंबर 2024 रोजी याच न्यायालयाने राजस्थानातील देवरायांचे नकाशे तयार करून त्यांची वन म्हणून नोंद करण्याचे निर्देश तेथील सरकारला दिले. म्हणून जमीन सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे ते आधी पाहा आणि वन विभागाकडे लेखी विचारणा करा. गावाचे एकमत झाले, देवाचा कौल मिळाला, तरी परवानगीची जागा त्याने भरून निघत नाही. जीर्णोद्धाराला मात्र विरोध करू नका. मंदिर जुन्याच जोत्यावर उभे राहावे आणि निधी वर्गणीतून यावा, एवढाच आग्रह धरा.

प्रश्न : देवराई म्हणजे कधीच कुऱ्हाड न लागलेले मूळ अरण्य, असे म्हणता येईल का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : सरसकट नाही. काही देवराया केव्हातरी तुटून पुन्हा वाढलेल्या आहेत, काही नुसत्या चार झाडांवर आल्या आहेत. तरीही भोवतालच्या डोंगरांशी तुलना केली, तर त्यांचे वेगळेपण लगेच दिसते. पश्चिम घाटातील लाकडाला आधी जहाजांनी आणि मग रेल्वेने मागणी आणली. 1817 साली मुंबईच्या गोदीत जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्याने मलबारी सागातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. ज्या रानांतून तो साग आला, त्यांना मात्र इतके आयुष्य मिळाले नाही. 1853 नंतर लोहमार्गाच्या स्लीपरांसाठी तोड वाढली, 1864 मध्ये वन खाते स्थापन झाले आणि 1878 च्या कायद्याने राखीव वनांतील गावांचे हक्क आक्रसले. कोकणातील खासगी रानांतून मुंबईला सरपण आणि कोळसा जात राहिला. या साऱ्यातून जे तुकडे केवळ देवाच्या धाकाने वाचले, त्यांच्या पद्धतशीर नोंदी 1970 च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी केल्या.

असा एक तुकडा तुम्ही शक्य झाल्यास जरूर पाहावा. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे, देवाच्या नावाने राखलेल्या अडीच हेक्टरांच्या आसपासच्या दलदलीत, रानजायफळाच्या कुळातील झाडे गुडघ्यांसारखी वाकलेली मुळे चिखलाबाहेर काढून श्वास घेत उभी आहेत. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ही जागा आता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली आहे.