वाचकांचे प्रश्न : निकाल झेंड्यावर की काट्यावर?

फॉर्म्युला वनच्या शनिवार-रविवारबद्दल सीमाभागातून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. नव्यानं पाहायला बसणाऱ्यांनी वेळ लक्षात ठेवावी. युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्या घड्याळानं रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुटतात आणि रविवारी कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणारी पात्रता फेरी शनिवारी साडेसातला असते. ब्रिटनची शर्यत मात्र साडेसातची.

निपाणी : शनिवारी गाड्या मधेच रमतगमत फिरतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत सगळ्यांची झुंबड उडते. पोल, म्हणजे सगळ्यात पुढची जागा, पाहिजे तर पूर्ण वेळ जोरात का पळवत नाहीत?

टायरमुळे. सॉफ्ट टायरची खरी पकड एका जोरदार लॅपपुरतीच (ट्रॅकच्या एका चकरेपुरतीच) असते. त्यामुळे डाव तीन लॅपचा होतो. पहिल्यात पिटमधून (संघांच्या गॅरेजपासून) निघून टायर आणि ब्रेक तापवायचे, दुसऱ्यात वेळ नोंदवायची, तिसऱ्यात इंजिन-बॅटरी थंड करत परत यायचं. तापवण्यातच खरी कसोटी आहे. टायर थंड राहिला तर पहिल्याच वळणावर गाडी सरळ निघते, जास्त तापला तर शेवटच्या वळणांत मागची बाजू घसरायला लागते. रमतगमत दिसणारा तो लॅप म्हणजे चालकाचं सगळ्यात नाजूक काम असतं.

झुंबड उडते ती रस्त्यामुळे. गाड्या फिरतील तसं रबर डांबराला चिकटत जातं आणि पकड वाढते, म्हणून उशिरा निघणाऱ्याला चांगला रस्ता मिळतो. वेळ संपायच्या आत रेषा ओलांडून लॅप सुरू केला की तो पूर्ण करता येतो, त्यामुळे सगळे शेवटच्या क्षणापर्यंत थांबतात. पण त्याच वेळी कुणी घसरून पिवळा झेंडा लागला तर मागच्यांना वेग सोडावा लागतो आणि त्यांचा डाव वाया जातो. शिवाय चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर गेली तर तो लॅप रद्द होतो. पडद्यावर नाव वर चढलं तरी मिनिटभर थांबूनच टाळ्या वाजवाव्यात.

पात्रता फेरीचा पहिला टप्पा १८ मिनिटांचा, दुसरा १५ मिनिटांचा, आणि शेवटच्या टप्प्यात १० गाड्या उरतात. गाड्या २० होत्या तेव्हा पहिल्या दोन टप्प्यांत पाच-पाच गळत. २०२६ पासून २२ गाड्या झाल्यानं सहा-सहा गळतात. पहिल्या टप्प्यातल्या सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांत न बसणाऱ्याला शर्यतीत उतरायला पंचांची परवानगी लागते. म्हणजे सर्वोत्तम वेळ ८० सेकंद असेल तर मर्यादा ८५.६ सेकंद. मेलबर्नला २०११ आणि २०१२ अशी दोन्ही वर्षं आपला नारायण कार्तिकेयन याच नियमात अडकला. एचआरटी या त्याच्या संघाची गाडीच तेवढी मंद होती, त्याच्या कौशल्याला त्यासाठी बोल लावणं बरोबर नाही.

चिकोडी : शनिवारी पहिला आलेला रविवारी मागच्या रांगेत दिसतो, हे कसं?

वर्षभरात इंजिनाचे किती सुटे भाग वापरायचे याला मर्यादा आहे. जास्तीचा भाग बसवला की जागा कापल्या जातात. २०२२ मध्ये बेल्जियमला मॅक्स व्हर्स्टॅपेन पात्रता फेरीत सगळ्यात वेगवान होता, पण नव्या भागांच्या दंडामुळे १४ व्या जागेवरून सुटला. जिंकला तरी तोच. पात्रता फेरीनंतर गाडीला कुलूप लागल्यासारखंच असतं. पुढच्या पंखाचा कोन वगैरे थोडं बदलता येतं, पण परवानगीशिवाय सस्पेन्शनच्या जुळणीला हात लावला तर थेट पिटमधूनच सुटावं लागतं.

उगार : आम्ही ऊस घालणारी माणसं, काट्यावर आमचा लवकर विश्वास बसत नाही. शर्यत जिंकलेल्या माणसाला दीड किलोसाठी बाद केलं म्हणे. तो काटा कोण तपासतो?

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. ही गोष्ट २०२४ च्या बेल्जियमच्या शर्यतीची. जॉर्ज रसेल पहिला आला. तेव्हाच्या नियमानुसार गाडी, चालक आणि टायर मिळून, इंधन सोडून, किमान ७९८ किलो भरायला हवेत. उसाच्या गाडीचं भरलेलं वजन आणि रिकामं वजन वेगळं घेतात, तसाच हा प्रकार. शर्यतीनंतर गाडी आधी आहे तशी काट्यावर घेतली, तेव्हा बरोबर ७९८ भरली. मग टाकीतून २.८ लिटर इंधन काढलं आणि पुन्हा घेतली, तेव्हा ७९६.५. शंका राहू नये म्हणून आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन काट्यांवर वजन केलं आणि दोन्ही काटे बरोबर असल्याची खात्री संघाच्या माणसांसमोर करून दिली. आपल्याकडे प्रत्येक काट्यावर शेतकऱ्यासमोर असं व्हायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

दीड किलो गेलं कुठं? बहुतांशी टायरमध्ये. रसेलनं टायर बदलायला एकदाच थांबून शर्यत काढली आणि शेवटचे तिसाहून जास्त लॅप त्याच टायरवर मारले. झिजलेलं रबर म्हणजे गेलेलं वजन. एरवी चालक शर्यत संपल्याच्या झेंड्यानंतरच्या संथ लॅपमध्ये मुद्दाम कडेनं जातात, तिथं पडलेले रबराचे गोळे गरम टायरला चिकटतात आणि थोडं वजन परत मिळतं. स्पा इथं, म्हणजे बेल्जियमच्या या ट्रॅकवर, तो लॅपच नसतो. पहिल्या वळणावरूनच गाड्या पिटमध्ये वळवतात. विजय लुईस हॅमिल्टनला, म्हणजे त्याच्याच संघातल्या जोडीदाराला मिळाला.

बेळगाव, उद्यमबाग : तळाची पट्टी झिजली म्हणून गाड्या बाद होतात. मर्यादा किती, आणि इतके हुशार इंजिनिअर ती चुकतात कशी?

आपल्याकडच्या मशीन शॉपमधल्या लोकांना हा प्रश्न पडणारच. गाडी जमिनीला फार चिकटून चालवू नये म्हणून १९९४ पासून तळाला मधोमध पट्टी असते. नवी पट्टी १० मिमी, त्यात ०.२ मिमीची सूट. झिजून ९ मिमीच्या खाली गेली की बाद. मोजतात ठरलेल्या भोकांपाशीच. त्या भोकांभोवती टायटॅनियमचे तुकडे असतात, रात्रीच्या शर्यतीत ठिणग्या उडताना दिसतात त्या त्यांच्याच.

गाडी जितकी खाली, तितका तळाखालच्या हवेचा ओढा जास्त आणि वळणावर वेग जास्त. म्हणून प्रत्येक संघ शेवटच्या मिलिमीटरपर्यंत खाली जातो. सुरुवातीला टाकीत सगळं इंधन असतं (२०२५ पर्यंत ते शंभर किलोच्या आसपास असायचं), त्या वजनानं गाडी आणखी बसते. सराव भरपूर असेल तर पट्टी मोजून उंची ठरवता येते. पण स्प्रिंटच्या, म्हणजे छोट्या जादा शर्यतीच्या, आठवड्यात सराव एकच तास असतो. अमेरिकेतल्या ऑस्टिनला २०२३ मध्ये नेमकं हेच झालं. रस्ता खडबडीत, सराव एक तासाचा, आणि त्यानंतर उंची बदलायची मुभा नाही. दुसरा आलेला हॅमिल्टन आणि सहावा आलेला शार्ल लक्लेर, दोघेही बाद. प्रत्येक गाडीची पट्टी मोजत नाहीत, काही निवडून मोजतात. लास वेगासला २०२५ मध्ये लँडो नॉरिस दुसरा आणि ऑस्कर पिआस्ट्री चौथा येऊनही असेच गेले. नॉरिसच्या पट्टीची एका ठिकाणची जाडी ८.८८ मिमी निघाली. जॉब रिजेक्ट व्हायला तेवढे बारा शतांश पुरतात, हे उद्यमबागेत सांगायला नको.

खानापूर : शेवटच्या लॅपला लाईट गेली. तोवर पुढे एक जण होता, सकाळी पेपरात दुसराच विजेता. आमच्याकडे शर्यतीत निशाण आधी ओलांडेल तो जिंकतो. इथं नेमकं काय धरायचं?

वेळेचा दंड धरायचा. शर्यतीत ५ किंवा १० सेकंदांचा दंड लागला आणि चालक त्यानंतर पिटमध्ये आलाच नाही, तर तो शेवटी एकूण वेळेत मिळवतात. कॅनडात २०१९ मध्ये सेबास्टियन फेटल १.३४२ सेकंद आधी रेषा ओलांडून गेला, पण त्याच्यावर ५ सेकंदांचा दंड होता. पाचातून १.३४२ गेले, ३.६५८ सेकंदांनी विजयी हॅमिल्टन.

झेंड्यानंतर लागतो तो तात्पुरता निकाल. वजन, पट्टी, इंधनाचा नमुना हे सगळं तपासून झाल्यावर अंतिम निकाल येतो, कधी दोन-तीन तासांनी, कधी त्याहून उशिरा. गुण पहिल्या दहांना, २५-१८-१५-१२-१०-८-६-४-२-१. वेगवान लॅपचा जादा गुण २०१९ ते २०२४ एवढाच होता, जुने आकडे जुळवताना तो विसरू नका. गाडी शेवटी बंद पडली तरी विजेत्याच्या ९० टक्के लॅप झाले असतील तर नाव यादीत राहतं.

लाईटचा भरवसा नसेल तर शेवटच्या पाच लॅपमध्ये दोनच आकडे टिपून ठेवा, पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर आणि पहिल्याच्या नावावरचा न भोगलेला दंड. दंड अंतरापेक्षा मोठा असेल तर दुसऱ्याचं नाव लिहून झोपायला हरकत नाही, बाकीचं काट्यावर.