विंडोजसोबत फुकट यायचं ते लिहायचं साधं सॉफ्टवेअर, वर्डपॅड, विंडोजमधून काढून टाकलं, मग त्यात सेव्ह केलेल्या जुन्या आरटीएफ फाइल्स कशात उघडायच्या? आणि तसंही ते वापरत कोण होतं?

मी वापरत होतो. रोज. म्हणूनच लिहायला बसलोय.

फाइल्सचं आधी उरकतो. वर्ड असेल तर वर्डमध्ये उघडा, नसेल तर लिबरऑफिस फुकट आहे. मॅकवाल्यांना चिंताच नाही, त्यांचं टेक्स्टएडिट अजून जागेवर आहे. आरटीएफ आतून साधा मजकूरच असतो, त्यामुळे अगदीच अडलं तर नोटपॅडही फाइल उघडेल. फक्त मराठी असेल तर ‘म’च्या जागी २३५० असले आकडे दिसतील. वाचा मग हौसेने.

आता ‘वापरत कोण होतं’.

मी एका प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्टला होतो. तिथला पीसी मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेला. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसासाठी नोंद ठेवायची, ती आम्ही वर्डपॅडमध्ये ठेवायचो. साध्या गोष्टी काळ्यात, अर्धवट राहिलेलं काम लाल आणि ठळक: ‘तीन नंबर पंपाचा सील गळतोय, चालू करण्याआधी बघा.’ झोपाळलेल्या माणसाची नजरही आधी तिथेच जाते. नोटपॅडमध्ये लाल रंग नाही. आणि मोठ्या पॅकेजमध्ये लाल रंग मिळेपर्यंत चहा होतो.

मग नवे आयटीचे साहेब आले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, “अहो, हे काय खेळणं वापरताय? जरा प्रोफेशनल काहीतरी वापरा.” वर्गणी भरून चालणारं एक भलंमोठं ऑफिस पॅकेज बसवलं, वर लोगो आणि चौकटी असलेला टेम्प्लेट दिला. मी तेव्हाच विचारलं होतं, की वर्गणीवालं सॉफ्टवेअर अधूनमधून इंटरनेट मागतं, इथे ते कुठून आणणार? “बघू ते.” पुढे एका रात्रपाळीला पॅकेजने सांगितलं, खात्यात साइन इन करा, तोवर फाइल नुसती वाचा. साहेबांना फोन केला तर “सकाळी बघतो”. पंप काही सकाळची वाट बघत नाही. मी विंडोजच्या रन चौकटीत, जिथे नाव टाकलं की प्रोग्राम उघडतो, ‘राइट’ (write) टाइप केलं आणि वर्डपॅड समोर हजर. राइट हा १९८५च्या पहिल्या विंडोजमधला प्रोग्राम. विंडोज ९५मध्ये त्याची जागा वर्डपॅडने घेतली, तरी जुन्या नावाने हाक मारली तरी ओ द्यायचं. नोंद लिहिली, लाल केली, छापून टेबलावर ठेवली. सकाळी साहेब काय म्हणाले? “ही फॉरमॅटमध्ये नाही.”

सप्टेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्डपॅड बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा याच साहेबांनी मला ती बातमी हसऱ्या चेहऱ्यासकट पाठवली. “बघा, कंपनीलाही पटलं.”

काय पटलं? तेव्हा सांगितलं होतं की साध्या मजकुराला नोटपॅड आणि सजवलेल्या मजकुराला वर्ड वापरा. म्हणजे मधलं काही कुणाला लागतच नाही. विंडोज ११च्या २०२४मधल्या २४एच२ आवृत्तीतून वर्डपॅड गेलंही. आणि २०२५मध्ये त्याच नोटपॅडमध्ये ठळक अक्षरं, तिरकी अक्षरं, मथळे आणि याद्या आल्या! गरज नव्हती तर हे कशाला? नोटपॅडची सगळी शान त्याच्या साधेपणात होती, ती घालवली. लाल रंग तेवढा अजून नाहीच. साहेब हे वाचत असतील तर त्यांनी याचं उत्तर द्यावं.

वर्डपॅडमध्ये स्पेलचेक नव्हता म्हणून नाकं मुरडणारे खूप भेटले. मला ते बरंच वाटायचं. शब्दाशब्दाखाली लाल नागमोडी रेघा नाहीत, कुणी वाक्य सुधारून देतो म्हणत नाही. नवं मशीन चालू केलं, की काहीही न बसवता, कुणाला न विचारता चार ओळी नीट लिहून छापता येत होत्या. एवढंच मागणं होतं.

तुमच्याकडे जुन्या विंडोजचं मशीन असेल तर प्रोग्राम फाइल्समधल्या विंडोज एनटी फोल्डरातलं ॲक्सेसरीज हे अख्खं फोल्डर उचलून नव्यावर ठेवा. नुसती मुख्य फाइल नेऊ नका, भाषेची फाइल आतल्या फोल्डरात असते. माझं चाललं.

मात्र त्याला आता सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. २०१७मध्ये आरटीएफच्या वाटेने आत शिरता येईल अशी फट सापडली होती, ती ऑफिस आणि वर्डपॅड दोन्हींत होती. तेव्हा अनोळखी माणसाने मेलवर पाठवलेली फाइल त्यात उघडू नका, स्वतःच्याच उघडा. आणि वर्डची डॉक्स (.docx) फाइल त्यात सेव्ह करू नका, हेडर-फुटर आणि तळटिपा गायब होतात. साहेबांचा लोगोही बहुधा त्यातच जाईल, पण तो तुमच्या फाइलमध्ये नसणार.