विचारा की राव : हॅम्बर्ग म्हणजे बिनपावाचा बर्गर न्हवं

प्रश्न : लेक-जावई जपानात नागोयाला असतात, मागच्या दिवाळीत आम्ही दोघं महिनाभर जाऊन आलो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाला एक छोटं हॉटेल आहे, नवरा-बायकोच चालवतात, खुर्च्या आठ-दहा फक्त. तिथं दुपारी हॅम्बर्ग म्हणून खिम्याच्या टिक्कीचा एक प्रकार आला, लोखंडी तव्यावर चर्रर्र करत, लेक म्हणाली बाबा कागद वर धरा शिंतोडे उडतात, मग मी आपला दाढीला बसल्यासारखा गळ्यापुढं कागद धरून बसलो. पण चव अजून तोंडातनं जाईना. इथं आल्यावर मटण खिम्याचं करून बघितलं तर तव्यातच फुटलं, मंडळी म्हणाल्या आता खिमा-पाव म्हणूनच खाऊया. चुकलं कुठं? पाव नाही तर नाव बर्गरसारखं का? आणि तिथं मटण नक्की कशाचं असतं?
– एक काका, मंगळवार पेठ

उत्तर : काका, शेवटच्या प्रश्नापासनं सुरू करतो कारण ते आधी सांगायला पाहिजे. जपानात हॅम्बर्गला बहुतेक करून बीफ आणि डुकराचा खिमा एकत्र करून वापरतात, त्या मिश्रणाला 'आयबिकी' असं नावच आहे. तुम्ही खाल्लं ते तेच असणार. आता खाऊन झालंय, मी काही तुम्हाला गोमूत्र प्यायला सांगणार नाही, पण पुढच्या खेपेला चालत नसेल तर आधी विचारून घ्या. बीफला ग्यूनिकु, डुकराला बुतानिकु, कोंबडीला तोरिनिकु. आणि नुसतं चिकन आहे का विचारून भागत नाही, वरचा तो काळपट डेमीग्लास सॉस सुद्धा बीफच्या रश्श्यावरच आटवलेला असतो, तोफूच्या हॅम्बर्गमध्येपण कधी कधी खिमा मिसळलेला असतो.

नावाचं म्हणाल तर जर्मनीतलं हॅम्बर्ग बंदर, बर्गरचं नाव पण तिथलंच. जपानी माणूस पाववाल्याला हाम्बागा म्हणतो आणि तुमच्यावाल्याला हाम्बागु, एवढ्याशा फरकावर ऑर्डर बदलते. मेजी राजवटीत, म्हणजे १८६८ नंतर, तिकडं विलायती पदार्थ शिरले, १८७२ मध्ये खुद्द बादशहानं बीफ खाल्ल्याचं जाहीर झालं, आणि मग या लोकांनी विलायती पदार्थ उचलून भाताबरोबर खायचा करून टाकला. त्याला योशोकु म्हणतात. कटलेटचं तोनकात्सु झालं ते पण त्यातलंच. म्हणून हॅम्बर्ग हे स्नॅक नाही, जेवण आहे, आपल्या खानावळीतली मटण थाळीच की. दुपारच्या सेटमध्ये सूप, कोबीचं सॅलड आणि भात. गंमत बघा, तोच भात वाटीत आला तर गोहान आणि सपाट प्लेटमध्ये आला तर राइसु!

आता फुटलं का. मला वाटतं तुम्ही ते कबाबासारखं केलं, मसाला घातला, कांदा कच्चा घातला आणि हातानं जरा कालवलं. कच्चा कांदा पाणी सोडतो, तिथंच घात होतो. कांदा बारीक चिरून तांबूस होईस्तोवर परता आणि पूर्ण गार करा. खाटकाकडनं खिमा मशीनमधनं दोनदा काढून घ्या, थोडी चरबी राहू दे म्हणावं, नुसता लाल खिमा कोरडा पडतो. अर्धा किलोला छोटा चमचा मीठ, आणि हे मीठ आधी एकट्या खिम्यात घालून मळायचं, खिमा फ्रिजमधला थंड पाहिजे, हाताच्या उबेनं चरबी वितळली की संपलं. चार-पाच मिनिटात खिमा बोटांना चिकटायला लागतो, भाकरीचं पीठ तिंबल्यावर कसं येतं तसं. हे चिकटणं म्हणजेच बाइंडिंग, अंड्यावर सगळा भार टाकू नका. मग कांदा, एक अंडं, दुधात भिजवलेला पावाचा चुरा मूठभर, मिरपूड, चिमूटभर जायफळ. कांदा-लसूण मसाला न्हाई म्हणजे न्हाई, मी पण एकदा घातला होता, झकास झालं पण ते हॅम्बर्ग राहिलं नाही, आपला शामी कबाबच झाला.

चार गोळे करा, एकेक गोळा या हातातनं त्या हातात आपटा, आतली हवा निघते, नाहीतर ती हवा तव्यावर फुगून भेग पाडते. लांबट चपटा आकार द्या, मध्ये अंगठ्यानं खळगा, कारण शिजताना मधला भाग फुगतो. मध्यम आचेवर दोन्ही बाजू दोन-तीन मिनिटं लाल करा, हलवायचं नाही, मग अर्धी वाटी पाणी, झाकण, आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं. काडी टोचून बघा, रस स्वच्छ निघाला तर झालं, लालसर असेल तर अजून ठेवा, खिमा आतनं कच्चा खायचा नाही, मग कुणी किती का ज्यूसी म्हणू दे.

सॉस सोपा. त्याच तव्यातल्या चरबीत केचप, थोडा वूस्टर सॉस, चमचाभर बटर. मला मात्र दुसरा जास्त आवडतो : पांढरा मुळा किसून हलका पिळायचा, वर सोया सॉस आणि लिंबू. मटणाची चरबी गार झाली की टाळूला चिकटते, हे कोल्हापूरकराला मी काय सांगू, त्यावर मुळ्यासारखा उतारा नाही. तवा गरम ठेवूनच ताटात घ्या. भात इंद्रायणीचा करा, बासमती नको, सुटा भात सॉस धरत नाही. कागद गळ्यापुढं धरायची हौस असेल तर धरा.

प्रश्न : पोरं टिफिनमध्ये चिकनचे हॅम्बर्ग मागतात. गार झाल्यावर चालतील का? 
– राजारामपुरीतली आई

उत्तर : चालतील ताई, जपानी डब्यात पण छोटे छोटे असतातच. चिकनला चरबी कमी, म्हणून मांडीचा खिमा घ्या आणि कांदा जरा जास्त परतून घाला. पूर्ण गार करूनच डबा बंद करा, वाफ कोंडली की खराब होतं. एकाच वेळी आठ-दहा करून भाजलेले फ्रीझरमध्ये ठेवा, मला सकाळी सात वाजता खिमा मळायला कुणी सांगितलं तर मी भांडेन.