जुन्या दौतींचा संग्रह सुरू करताना

आजोबांच्या फडताळात एक पितळेची आणि दोन काचेच्या दौती मिळाल्या आहेत, त्या स्वच्छ करून संग्रहाला सुरुवात करायची आहे, जुनी वस्तू ओळखायची कशी आणि नाशिकमध्ये आणखी कोठे मिळतील, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमध्येच राहते आणि गेली 22 वर्षे दौती, कलमदाने, टाक आणि मेजावरचे लेखनसाहित्य जमवते आहे. आपल्या प्रश्नातले ‘स्वच्छ करून’ हे शब्द वाचल्यामुळे इतर कशाहीआधी विनंती करते, की कृपया अजून काहीही घासू नका.

माझी पहिली दौत पंचवटीतल्या एका वाड्याची आवराआवर चालू असताना मला मिळाली. पितळ कळकून हिरवे झाले होते, म्हणून घरी आणल्याबरोबर मी ती देवाच्या भांड्यांसारखी चिंच आणि मीठ लावून लखलखीत घासली. आत तळाशी दगडासारखा कडक काळा गोळा होता. तोही तारेने टोकरून काढला आणि कचऱ्यात टाकला. तो गोळा म्हणजे शाईने थिजलेली चिंधी होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. बोरूने लिहिणारे लोक दौतीत सुती चिंधीचा किंवा रेशमी धाग्यांचा बोळा ठेवत, त्यामुळे बोरूचे टोक तळावर आपटत नसे, एकदम जास्त शाई उचलली जात नसे आणि दौत कलंडली तरी सगळी शाई सांडत नसे. काजळी आणि डिंक यांची ती शाई वाळली तरी पाण्याने पुन्हा मऊ होते. म्हणजे त्या दौतीतून कोणी कशाने लिहिले, याचा एकमेव पुरावा माझ्या हाताने गेला, आणि आज ती दौत कपाटात एखाद्या नव्या फुलपात्रासारखी चमकत उभी आहे. त्याचे वाईट मला अजूनही वाटते.

त्यानंतर घेतलेल्या एका कलमदानाला मी मऊ कोरड्या कुंचल्याखेरीज काही लावलेले नाही. लांबट पितळी नळी आणि तिच्या टोकाला रिवेटने जोडलेली छोटी दौत, असा हा प्रकार आहे. फिरतीवर असणारे कारकून आणि कुलकर्णी असे कलमदान कमरेला खोचून नेत. माझ्याकडच्या दौतीच्या तोंडाची कड सर्वत्र धारदार आहे, फक्त एका जागी ती बोटाच्या पेराएवढी गुळगुळीत झिजलेली आहे, कारण जादा शाई निथळून टाकण्यासाठी लिहिणारा प्रत्येक वेळी बोरू तेथेच टेकवत असे. झाकणाच्या ज्या भागावर अंगठा पडतो, तेथे पितळ उजळ आहे आणि बिजागरीच्या खाचेत काळपट आहे. जुनी वस्तू ओळखण्याचा यापेक्षा भरवशाचा मार्ग मला सापडलेला नाही. आम्ल लावून मुद्दाम जुना केलेला नवा माल सगळीकडे सारखाच काळवंडलेला असतो, आणि हाताची झीज जेथे असायला हवी तेथे ती नसते. मुरादाबादेकडे तयार होणाऱ्या नव्या पितळी दौती, बऱ्याचदा जहाजावरच्या म्हणून, जुन्या बाजारात सर्रास विकल्या जातात. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला, तर तो 1930 च्या दशकाच्या आधीचा नाही, एवढे पक्के समजावे.

आपल्या काचेच्या दौतींविषयी एक धोका आधी सांगते. झाकणाची पितळी कडी असेल, तर ती काचेवर बहुधा प्लास्टरने बसवलेली असते. अशी दौत रात्रभर पाण्यात भिजत ठेवली की प्लास्टर विरघळते आणि झाकण हातात येते. पितळ नसलेली साधी काच मात्र शुद्ध पाण्यात भिजवायला हरकत नाही. तळ उजेडात तिरपा धरून पाहा. वर्षानुवर्षे मेजावर सरकलेल्या दौतीच्या तळाला वेगवेगळ्या दिशांचे बारीक ओरखडे असतात. बनावट झीज बहुतेक एकाच दिशेची असते. आतला डाग तांबूस तपकिरी असेल, तर ती हिराकस आणि मायफळांपासून केलेली शाई असण्याचा संभव आहे. ती आम्लयुक्त असते आणि धातू खाते, म्हणूनच युरोपीय बनावटीच्या धातूच्या दौतींमध्ये आत काचेची किंवा चिनी मातीची सुटी वाटी बसवलेली असे. ही वाटी हरवलेली असली तर किंमत पुष्कळ उतरते, तेव्हा अशी दौत घेताना झाकण उघडून पाहिल्याशिवाय भाव ठरवू नये.

इंग्लंडहून आलेल्या वस्तूंचे वय खुणांवरून लावता येते. चालणारा सिंह कोरलेला असेल तर ती इंग्लिश चांदी. त्यासोबत जहाजाचा नांगर असल्यास बर्मिंगहॅमची. ‘ईपीएनएस’ ही अक्षरे असतील तर वर केवळ चांदीचा मुलामा आहे, विक्रेता काहीही म्हणो. नक्षीच्या नोंदणीची, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण 1842 ते 1883 या काळात वापरली गेली आणि 1884 पासून तिच्या जागी क्रमांक आला. देशाचे नाव छापलेले असेल, तर वस्तू बहुधा 1891 नंतरची असते, कारण अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर ते सक्तीचे केले.

आता नाशिकविषयी. आपल्या भांडी बाजारात लोक जुने तांबे-पितळ मोडीत देऊन नवी भांडी घेतात, आणि त्या मोडीच्या ढिगात दौती, वाळूच्या डब्या, कलमदानांची सुटी झाकणे येतात. ओली अक्षरे सुकवण्यासाठी कागदावर वाळू भुरभुरवत, तिची ती सच्छिद्र झाकणाची डबी अनेक जण मिठाची समजून देऊन टाकतात. दुकानदारांशी ओळख ठेवा, मोडीच्या भावापेक्षा थोडे अधिक देण्याची तयारी दाखवा, म्हणजे वस्तू भट्टीत जाण्याआधी आपल्याला निरोप येईल. दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवस सर्वांत चांगले. मुंबईच्या चोरबाजारात वस्तू पुष्कळ आहेत, पण त्या कोणत्या घरातून आल्या हे तेथे कोणी सांगू शकत नाही, आणि माझ्या दृष्टीने हा मोठा तोटा आहे. खरेदीपूर्वी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य पाहावे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळींच्या लांबट वह्या आहेत. आपल्या घराण्याची नोंद पाहायला गेलात, तर जुन्या पानांवर शाई कोठे दाट उमटली आहे आणि कोठे बोरू पुन्हा बुडवला आहे, हेही पाहा. त्या वह्या विकत मागू नयेत.

महागड्या वस्तूंमागे लागू नका, असेही मी सुचवीन. बाकाच्या भोकात बसणारी शाळेची पांढरी चिनी मातीची दौत अजून स्वस्तात मिळते. 1931 साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, पुढे त्यातूनच कॅमलिन उभे राहिले. अशा वड्यांचे रिकामे डबे, निबांच्या डब्या आणि टीपकागद मिळाले, तर एका पिढीचे लिहिणे आपल्या मेजावर मांडता येते.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्या. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. हस्तिदंती मुठीची कागद कापण्याची सुरी कितीही जुनी असली तरी विकत घेऊ नका. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

आजोबांची पितळी दौत उघडलीत, की विजेरीने आत पाहा. तळाशी काळा गोळा असेल तर तो तसाच राहू द्या, दौत कोरड्या सुती कापडात गुंडाळा, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून ती कोण वापरत असे ते एका चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवा.