अकरा नावं आणि एक बोर्ड

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझी अकरा नावांची यादी मिळाली. दोन दिवस काउंटरवरच पडून होती, त्यामुळं येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही वाचली. एकानं विचारलं, "बारसं कुणाचं हो?" वहिनींच्या चटणीचं, म्हटलं, पुतण्या विकायला काढतोय. फोनवर सांगायला गेलो की तू मध्येच 'ओके काका' म्हणतोस, म्हणून लिहून पाठवतोय.

आधी माझीच फजिती ऐक. मारुती गल्लीत दुकान टाकलं तेव्हा महिनाभर वहीत घोटून घोटून नाव काढलं होतं, 'रंगछटा'. बोर्डही स्वतःच रंगवला, छ ला सोनेरी कड देऊन. पहिल्याच आठवड्यात बैलहोंगलचं एक गिऱ्हाईक आलं आणि बोर्डाकडं बघून हसायला लागलं. कन्नडमध्ये 'चट' म्हणजे व्यसन. त्याच्या तोंडी छ चा च झाला, आणि माझं दुकान रंगाचं व्यसन होऊन बसलं. दारूचा चट, पत्त्यांचा चट, तसा हा रंगाचा. माणूस चांगला, पुढं कितीतरी वर्षं काम देत राहिला, खरं फोनवर कायम "काय व्यसनी, बोर्ड झाला काय?" हेच. गल्लीनं मला 'पायरीवाला पेंटर' केलं, कारण दुकानाला तीन उंच पायऱ्या. हे नाव मी कधीच कुठं रंगवलं नाही, तरी पार्सलं त्याच नावानं येतात.

तेव्हा नाव आपण ठेवायचं, खरं ते चालणार दुसऱ्याच्या तोंडात. आणि बेळगावात ती तोंडं दोन-तीन भाषांची. तू सगळी अकरा नावं मराठीत मनातल्या मनात वाचलीयस. उद्या दुकान टाकलंस तर बोर्डाचं काय? 2024 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, तेही वरच्या अर्ध्या भागात. त्याबद्दल कुणाला काय वाटतं तो वाद आपल्या कट्ट्यावर रोज चालतो, तिथंच चालू दे. धंद्यापुरतं बघायचं तर तुझं नाव सगळ्यांत मोठं दिसणार ते कन्नड अक्षरांत. मग ते आधी तिथंच वाचून बघायला नको?

तुझ्या यादीत तिसरं नाव 'मूळ' आहे. दिसायला झकास, दोन अक्षरी, शहरी पाकिटावर शोभेल असं. आता हे माझ्या टेबलावर ठेवून बघू. इंग्रजी अक्षरांत ळ नाही, त्यामुळं ते 'मूल' होणार. पुण्याचं गिऱ्हाईक विचारेल, लहान मुलांचं काही आहे का? कन्नडमध्ये ळ आहे, तिथं अक्षर बरोबर उतरतं. खरं कन्नड माणूस शब्दाच्या शेवटचा अ गिळत नाही, पुरता उच्चारतो. दूरदर्शनची कन्नड वाहिनी 'चंदना' तुला माहीत आहे, ती लिहितात आपल्या चंदनसारखीच, फक्त शेवटचा न पूर्ण म्हणतात. तसं 'मूळ' चं 'मूळा' होणार, आणि ऐकणाऱ्याला आठवणार 'मूळे', म्हणजे हाड. शाकाहारी मसाल्याला हाड! शेवटच्या अक्षराला उजवीकडं वर एक छोटी वळलेली शेपटी काढली की त्यातला अ मरतो. मी ती हजारदा काढलीय. लांबून कुणाला दिसत नाही, आणि फ्लेक्सवाला पोरगा ती हमखास विसरतो.

'चव' चंही तेच. आपला चवीतला च दातांपाशी लागतो, तो कन्नडमध्ये नाहीच. ते चहातला च लावून म्हणतील. तू ऐकत बसशील आणि तुझं तुलाच नाव ओळखू येणार नाही.

बाकीच्या नावांवर भराभर सांगतो. 'बेळगाव स्पायसेस' नको. आपल्या शहराचंच सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, त्या दिवशी एकदम 12 शहरांची बदलली. मी तेव्हा किती बोर्ड पुसून परत रंगवले ते मलाच ठाऊक. शिवाय नुसत्या गावाच्या नावावर ट्रेडमार्क सहसा मिळत नाही. 'शिवराय मसाले' मनापासून आलंय, कळतं मला. खरं 1950 चा एक कायदा आहे, त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आहे. ते किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नाव परवानगीशिवाय धंद्याला लावता येत नाही. महाराजांना देव्हाऱ्यात ठेव, पाकिटावर नको. ते पाकीट फाडून लोक रस्त्यावर टाकतात.

'ब्याडगी किंग' मध्ये मेख आहे. ब्याडगी मिरचीला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मिरचीलाच, आणि वहिनी तर अर्धी मिरची संकेश्वरची घालतात. अशा नावांवर हक्क कुणाचा, ही गोष्ट गमतीची आहे. कोल्हापुरी चपलेचं मानांकन 2019 मध्ये झालं ते आठ जिल्ह्यांना मिळून, चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले, त्यात आपला बेळगावही. अथणीत शिवलेली चपलही रीतसर कोल्हापुरी. हद्द नकाशावर राहिली, नाव पायात घालून लोक इकडं-तिकडं फिरले.

'लसूणराजा' मला आवडलं होतं, खरं उद्या वहिनींनी पापड केले तर? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये याच गावात सायकलचं दुकान काढलं. नावात सायकल घातली असती तर 1903 च्या लोखंडी नांगराला काय म्हटलं असतं? नुसतं आडनाव होतं, म्हणून नांगराला चाललं, पंपाला चाललं, शेवटी वाडीलाही लागलं. आडनाव लावायला तुलाही हरकत नाही. फक्त आपल्याकडं लोक आडनाव वाचून आधी घर ओळखतात आणि मग चव घेतात, तेवढं चालणार असेल तर लाव.

यादीत अकरावं नाव पेन्सिलीनं लिहिलंयस आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलंयस, 'अक्का'. गल्ली वहिनींना अक्काच म्हणते, मराठी घरंही आणि कन्नड घरंही. थोरल्या बहिणीला दोन्हीकडं तोच शब्द, आपण शेवटी आ लिहितो, कन्नडमध्ये अ असतो आणि तो पुरता म्हणतात, त्यामुळं शेपटीची भानगड नाही. मला हेच पटतंय. खरं इतका गोड शब्द आजवर कुणी घेतला नसेल असं समजू नको. ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर शोधायला पैसे पडत नाहीत, मसाले 30 व्या वर्गात येतात. सारखंच काही निघालं तर पुढं-मागं घरातला एखादा शब्द जोड आणि पुन्हा शोध. मोकळं असेल तर अर्ज करून टाक. एकट्या माणसाला ऑनलाइन एका वर्गाचे 4,500 रुपये, नोंद 10 वर्षांची, आपला अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडं जातो. जीएसटी किंवा उद्यम नोंदणी घेतली म्हणजे नाव आपलं झालं असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. आणि पाकिटावर अन्नपरवान्याचा 14 आकडी नंबर लागतो, त्याला जागा सोडून डिझाइन कर. पोरं हे शेवटी आठवतात आणि मग नावावरच नंबर छापतात.

पैसे भरण्याआधी एक कर. एसटी स्टँडवर, गाड्यांच्या हॉर्नमध्ये उभा राहून चिक्कोडीच्या मित्राला फोन लाव, नाव एकदाच सांग, आणि त्यानं काय ऐकलं ते लिहून पाठवायला सांग. मग एक डबा पार्सलला दे. नाव तोंडी सांग, कारकून कन्नडमध्ये काय लिहितो ते बघ, फोटो काढून मला पाठव. पहिला बोर्ड मी हातानं रंगवून देईन, फ्लेक्स करायचा नाही.

मसाला कुटायला डंकावर कधी नेणार ते कळव, मी गाडी घेऊन येतो. मागच्या खेपेची चटणी संपली, रिकामा डबा सोबत पाठवतोय. त्यावर वहिनींच्या अक्षरात चिकटपट्टीवर 'तिखट कमी' एवढंच लिहिलंय, ते मी पुसलं नाही.

तुझा,
पायरीवाला काका