पोट बिघडलंय म्हणून जेवण सोडू नकोस

अरे,

तुझा तो लांबलचक मेसेज नीट वाचला. डॉक्टर आयबीएस म्हणाले, म्हणजे तपासण्या नॉर्मल येऊनही आतडं नको तितकं हळवं होण्याचं दुखणं, तेव्हापासून तू आधी दूध सोडलंस, मग तिखट, मग पोळी, मग बाकीच्या डाळी, रूममेटच्या मामांनी सांगितलं म्हणून टोमॅटो पण बंद, आणि आता नुसती मुगाची खिचडी नि ताक यावर आहेस, वजन उतरलंय, दुपारी अभ्यासिकेत बसलं की डोळ्यापुढे अंधारी येते, आणि एवढं करून सकाळचा मुरडा काही थांबलेला नाही. आणि वर मला विचारतोयस की ताई अजून काय बंद करू. काही नाही. आता बंद करणं बंद.

आधी वजनाचं बघू, कारण ते मला खटकलंय. आयबीएसने आपोआप वजन उतरत नाही. तुझं उतरलंय ते बहुतेक अर्धपोटी राहिल्यामुळेच, पण हे 'बहुतेक' मी फोनवरून ठरवणार नाही नि तूही नेटवर वाचून ठरवू नकोस. ससून हॉस्पिटलला केसपेपर काढ किंवा तुझ्या त्याच डॉक्टरकडे परत जा आणि वजनाचा आकडा स्पष्ट सांग. शौचातून रक्त पडतं का, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, ताप येतो का, हिमोग्लोबिन कमी आहे का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा सीलिअॅक, म्हणजे गव्हाने आतड्याला इजा होण्याचा आजार, आहे का, हे त्यांनी विचारलं नाही तर तू सांग. आपल्याकडे आतड्याचा टीबी पण असतो, त्यामुळे लाजून अर्धवट माहिती देण्यात काही अर्थ नाही. आणि एक मेख आहे. गव्हाचा हा आजार तपासायची टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट असते, ती गहू खात असतानाच करायची, गहू बंद करून बरेच दिवस झाले असतील तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तू पोळी सोडून बसलायस, हे डॉक्टरांना सांग, ते म्हणतील तितके आठवडे पोळी खा आणि मग रक्त दे.

यातलं काहीच निघालं नाही आणि आयबीएसच ठरलं, तर पुढचं वाच.

तुझा राग समजतो, की सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, मग मला होतंय ते काय, नाटक? नाटक नाही. आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, पण त्याच्या नसा नको तितक्या जाग्या असतात, म्हणजे तुझ्या रूममेटच्या पोटात जेवढा गॅस होतो तेवढाच तुझ्याही पोटात होत असेल, फक्त त्याला पत्ता लागत नाही आणि तुला कळ मारते. बऱ्याच जणांचं हे एखाद्या जोरदार जुलाबानंतर सुरू होतं, तुझं पण त्या लग्नाच्या जेवणानंतरच सुरू झालं ना? जंतू कधीच गेले, नसांची खोड राहिली. म्हणून दर वेळी मेडिकलमधून जंतांची नि अमीबाची गोळी आणून खातोस ते थांबव.

आता जेवण. मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २००५च्या सुमारास फॉडमॅप म्हणून एक कल्पना मांडली, की काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्या पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यात जंतू त्या आंबवून गॅस करतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, आंबा, सीताफळ, काजू, हे सगळे त्यात येतात. ही यादी तुला इंटरनेटवर मिळाली आणि तू ती कायमची धरून बसलास, तिथेच घोळ झाला. तो आहार दोन ते सहा आठवड्यांचा असतो, त्यानंतर एकेक पदार्थ परत आणायचा असतो, आणि खरा उपयोग त्या परत आणण्याचाच आहे. यादीतलं सगळं सगळ्यांना बाधत नाही. कुणाला दुधाने होतं नि कांद्याने नाही, कुणाचं उलट.

आणि तुझ्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय कुणाचा आहे सांगू? मेसच्या वाटणाचा. तू लिहिलंयस की खिचडीवर यायच्या आधी भाजीतले कांदे वेचून बाजूला काढायचो तरी त्रास व्हायचा. होणारच. कांद्या-लसणातला तो घटक पाण्यात विरघळतो, एकदा रस्सा उकळला की तो रश्शात उतरला, मग तुकडे वेचून काय उपयोग. आणि मेसमध्ये एकच लाल वाटण, तेच मटकीला, तेच वांग्याला, तेच पनीरला. पण तो तेलात विरघळत नाही, हे आपल्या कामाचं. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात लाल करून काढून टाकल्या तर वास-चव राहते आणि त्रास टळतो. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात घ्यायची. मेसच्या काकूंना हे सगळं सांगत बसू नकोस, त्यांच्यामागे शंभर डबे असतात. एवढंच म्हण, काकू, फोडणी द्यायच्या आधी एक वाटी साधं वरण नि थोडी भाजी बाजूला काढाल का, पोटाचं दुखणं आहे. काढतात. आमच्या मेसच्या काकू आधी फणकारल्या होत्या, मग स्वतःच विचारायला लागल्या की आज कसं आहे पोट. नाहीच जमलं तर जैन जेवण देणारी मेस बघ, पुण्यात मिळते. आपल्या आज्या चातुर्मासात चार महिने कांदा-लसूण सोडायच्या, तो स्वयंपाक काही बेचव नसायचा, जिरं, आलं, कोथिंबीर, ओलं खोबरं, झालं काम. हिंग चिमूटभर चालतो, पण सीलिअॅक निघालं तर बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे लक्षात ठेव.

आणि तू लातूरकडचा, ज्वारी खाऊन वाढलेला, पुण्यात येऊन तीन वेळा पोळी आणि मैद्यावर आलास. भाकरी खा की. ज्वारीत तो गव्हातला त्रास फारसा नाही. भात, भाकरी, दुधी, गाजर, पालक, अंडी, दही थोडं, शेंगदाणे, पपई, संत्रं, फार न पिकलेलं केळं, एवढ्यात माणूस पोट भरून जेवतो. घरून शेंगदाण्याची चटणी येत असेल तर आईला सांग, एक डबा बिनलसणाचा कर.

मग परत आणायची पाळी. एका वेळी एकच पदार्थ, पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीएवढा, मग दोन-तीन दिवस थांबायचं. वही कर. काय खाल्लं, किती वाजता, पोट कसं, झोप किती, आणि त्या दिवशी टेस्ट सिरीज होती का, हे शेवटचं लिहायचं विसरू नकोस. मला माझ्या वहीवरून कळलं की दुधाचा चहा मला बाधत नव्हता, उपाशीपोटी घेतलेला चहा बाधत होता. जो पदार्थ पास झाला तो लगेच ताटात परत आणायचा, घाबरून बाहेर ठेवायचा नाही. जमलं तर एकदा डाएटिशियनला वही दाखव.

सकाळचं गणित वेगळं आहे. काही पोटात गेलं की मोठं आतडं हलतं, आणि सकाळी सगळ्यात जोरात हलतं. तुमच्या रूमवर आठ पोरं नि एक संडास, लाइनीत उभं राहून दाबून धरायचं आणि त्या टेन्शनने अजून मुरडा. अर्धा तास आधी ऊठ. कोमट पाणी, दोन बिस्किटं नाहीतर केळं, दहा मिनिटं वाट बघ. त्यासाठी रात्री दोनपर्यंत जागणं सोडावं लागेल, आणि हे तुला खिचडीपेक्षा जड जाणार आहे मला माहितीये. इसबगोल चालेल, अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर. गव्हाचा कोंडा नको, त्याने कित्येकांचं पोट जास्त फुगतं. सोनामुखीवाली जुलाबाची चूर्णं रोज अजिबात नको. शुगरफ्री च्युइंगम चघळतोस ना अभ्यास करताना, त्यातलं सॉर्बिटॉल पण पोट फुगवतं, जुलाबही करतं.

स्पर्धा परीक्षेच्या दिवशी नवीन काही खायचं नाही. सकाळी एक पेपर, दुपारी सीसॅट म्हणजे कल चाचणीचा पेपर, मधल्या वेळेत सेंटरबाहेरचा वडापाव किंवा मिसळ नाही, डबा न्यायचा, दहीभात किंवा भाकरी-भाजी जे तुला पास झालेलं असेल ते. आणि हा डबा आधी दोन मॉक टेस्टला खाऊन बघायचा. उपाशी राहून पेपर द्यायचा जो तुझा प्लॅन आहे तो फेकून दे, उपाशी पोटात पण मुरडा येतो आणि वर डोकं चालत नाही.

राहिली ती गोळी. डॉक्टरांनी अॅमिट्रिप्टिलिन लिहून दिली आणि मेडिकलवाला म्हणाला ही डिप्रेशनची आहे, म्हणून तू घेतलीच नाहीस. ती जुनी डिप्रेशनची गोळी आहे हे खरं, पण कमी डोसमध्ये ती आतड्याच्या नसांची कळ कमी करायला देतात. २०२३ साली ब्रिटनमध्ये आयबीएसच्या पेशंटवर मोठी ट्रायल झाली, त्यात तिचा फायदा दिसला. तोंड कोरडं पडतं, सुस्ती येते, म्हणून रात्री घ्यायची असते. घ्यायची की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरव, मेडिकलवाल्याशी नाही.

ह्या आठवड्यात तीनच कामं कर. डॉक्टर, वही, आणि काकूंशी बोलणं. ज्वारीची भाकरी आजपासूनच सुरू कर, त्याला रिपोर्टची वाट बघायची गरज नाही. रविवारी दुपारनंतर मी मोकळी असते, वहीचे फोटो पाठव, अक्षर जरा वाचता येईल असं काढ.

तुझी ताई