मुंबई ते न्यूयॉर्क : तिकिटावरचे तास आणि खरे तास

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला जात आहोत. मुंबईहून विमान मध्यरात्रीनंतर 1.30 वाजता निघून त्याच दिवशी सकाळी 7.30 वाजता पोहोचते, असे तिकिटावर आहे. ऑक्टोबरमध्ये परत येताना मात्र दुपारी 12 वाजता निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 11.30 वाजता मुंबई गाठते. जाताना 6 तास आणि येताना साडेतेवीस, हे कसे? यजमानांना इन्सुलिन घ्यावे लागते, म्हणून खरे तास कळणे आवश्यक आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असते. ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे घेतली जातात, त्यानंतर मार्चपर्यंत हा फरक साडेदहा तासांचा होतो.) आपले विमान सुटेल तेव्हा तेथे आदल्या दिवशीचे दुपारचे 4 वाजलेले असतील, म्हणजे जाण्याचा प्रवास साडेपंधरा तासांचा आणि येण्याचा 14 तासांचा आहे.

उरलेला दीड तासाचा फरक खरा आहे आणि तो वाऱ्यामुळे पडतो. दोन्ही शहरांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. विमान ज्या उंचीवरून उडते तेथे उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरला आणि सरासरी 50 किलोमीटरचा वारा समोरून आला, तर हे अंतर कापायला सुमारे 14 तास 40 मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असला तर सव्वातेरा तासांच्या आत काम होते. धावपट्टीकडे जाण्याचा आणि उतरल्यावर दारापर्यंत पोहोचण्याचा वेळही तिकिटावरील वेळेत धरलेला असतो.

समोरच्या पडद्यावर विमान युरोपच्या बरेच उत्तरेकडून जाताना दिसले, तर ते लांबून नेत आहेत असे समजू नये. पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट 65 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास पोहोचते. सपाट नकाशावर पट्टीने आखलेली सरळ रेषा त्याहून दीड हजार किलोमीटरपेक्षा अधिक लांब पडते. अर्थात ही वाट नेहमी मोकळी मिळतेच असे नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली, तेव्हा पश्चिमेकडील अनेक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला आणि प्रवासाचा वेळ वाढला. म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पुन्हा पाहावे.

इन्सुलिनसाठी मात्र केवळ उड्डाणाचे तास पुरेसे नाहीत. पश्चिमेकडे जाताना तुमचा तो दिवस साडेतेहेतीस तासांचा होतो आणि परतताना साडेचौदा तासांचा, त्यामुळे डोस स्वतःच्या अंदाजाने पुढे-मागे करू नयेत. निघण्याची वेळ, उड्डाणाचे खरे तास आणि विमानातील जेवणाच्या संभाव्य वेळा मुंबईच्या घड्याळाप्रमाणे एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात, त्यांच्याकडून दोन्ही प्रवासांचे वेगवेगळे वेळापत्रक करून घ्यावे आणि विमानात एक घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवावे. इन्सुलिन, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातील बॅगेत असू द्यावी. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात इन्सुलिन गोठून निकामी होण्याचा धोका असतो.